चूक कुणाची नव्हे, माणूस कुणाचा

मंडळी, आधी हात वर करा बघू. या उन्हाळ्यात कुणाकुणाचे आईबाबा भारतातून आलेत? बरेच आहेत की! मग आजचा विषय कंटाळवाणा वाटला तरी ऐकून घ्या.

आपल्या मिशिगन राज्याचा नो-फॉल्ट, म्हणजे ‘चूक कुणाचीही असो’ असा गाडीच्या विम्याचा कायदा १ ऑक्टोबर १९७३ ला लागू झाला. गाडी कुणी कुणावर घातली यावर कोर्टात वर्षानुवर्षं भांडण्यापेक्षा जखमी माणसाचं हॉस्पिटलचं बिल आधी भागवा, ही त्यामागची कल्पना. बिल कितीही होवो, आयुष्यभर. त्याची किंमत प्रीमियममधून वसूल व्हायची. डेट्रॉइट शहराचा पत्ता असलेल्यांना ते सांगायला नको.

मे २०१९ मध्ये गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी कायद्यातल्या मोठ्या बदलांवर सही केली. चर्चा झाली ती प्रीमियमची आणि जुलै २०२० पासून मिळालेल्या पर्यायांची: उपचारखर्चाचं कव्हर अडीच लाख डॉलरपर्यंत घ्यायचं, पाच लाखांपर्यंत की अमर्याद. पण लाभ कुणाला मिळणार, ही कलमंही त्याच वेळी बदलली. तिकडे फारसं कुणी पाहिलं नाही. मीसुद्धा उशिराच पाहिलं.

आता समजा, बाबा संध्याकाळी फिरायला निघालेत. पायात चपला, डोक्यावर तुमच्या कंपनीची टोपी. कोपऱ्यावर गाडी धडकते. चूक सरळसरळ चालकाची. तुमच्या पॉलिसीवर अमर्याद कव्हर. तरीही बाबांना नो-फॉल्टचा एक डॉलर मिळत नाही. कारण ते मिशिगनचे रहिवासी नाहीत, आणि इथे नोंदलेली, विमा उतरवलेली त्यांची स्वतःची गाडीही नाही. तुमच्या गाडीत मागच्या सीटवर बसले असते तरी उत्तर हेच. उरतो तो चूक करणाऱ्यावर दावा, आणि उपचारांच्या खर्चासाठी तोही मृत्यू, गंभीर इजा किंवा कायमची मोठी विद्रूपता असेल तरच. म्हणजे ज्या ‘चूक कुणाची’ या प्रश्नातून कायद्याने आपल्याला सोडवलं, तिथेच पाहुण्याला नेऊन बसवलं. मला हे पटत नाही, पण कायदा असा आहे. म्हणून त्यांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स विकत घेताना सगळ्यात स्वस्त कुठला एवढंच बघू नका.

शिकागोत शिकणारी मुलगी? ती एकाच घरातली नातेवाईक ठरली तर तुमच्या पॉलिसीत येते. आणि ते ठरवताना अगदी घरगुती गोष्टी तपासतात. लायसन्सवर पत्ता कुठला? पत्रं कुठे येतात? तिची खोली तशीच आहे, की तिथे ट्रेडमिल आलीय? खर्च कोण करतं? हसू नका, या प्रश्नांवर खटले लढले गेलेत.

म्हणजे लाभ मिळवायचा तर घरचं असणं मोलाचं. पण सेवा करताना? जखमीची काळजी घरच्यांनीच घेतली, कूस बदलली, भरवलं, रात्री उठून नळी तपासली, तर २०२१ पासून विमा कंपनी आठवड्याला ५६ तासांपुरतेच पैसे देणं लागते. आठवड्यात तास १६८. उरलेले दोनतृतीयांश आईच्या मायेच्या खात्यात! जुलै २०२३ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने अँडरी खटल्यात सांगितलं की ११ जून २०१९ च्या आधी जखमी झालेल्यांना ही मर्यादा लागू नाही. त्यानंतरच्यांना आहे.

आणि हो, जाता जाता. अपघात झाला तर एका वर्षाच्या आत विमा कंपनीला लेखी कळवा. एजंटशी फोनवर बोलणं झालं होतं, हे पुरत नाही.

बोला, पहिला प्रश्न कुणाचा?