बोटीचं नाक वर राहतंय? आधी वजन हलवून बघा

नमस्कार मंडळी. थ्रॉटल पूर्ण उघडलाय, इंजिन जोर लावतंय, आणि बोट मात्र नाक वर करून नुसती पाणी ढकलतेय. समोरचं दिसत नाही, पेट्रोल भराभर संपतंय. लहान मोटरबोट चालवणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. त्यावर सल्लाही ठरलेला: इंजिनला फिन बसव (म्हणजे पाण्यातल्या पंख्याच्या, प्रोपेलरच्या, वर लावायची आडवी पाती), मागे ट्रिम टॅब लाव (म्हणजे नाक खाली आणायला मागच्या फळीच्या तळाशी लावायच्या पट्ट्या). माझं ठाम मत आहे की खिशात हात घालण्याआधी बोटीतलं वजन कुठं आहे ते बघा.

आउटबोर्ड इंजिन मागच्या फळीवर. पेट्रोलची टाकी मागे, बॅटरी मागे, आणि हँडल धरून बसलेला माणूसही पार मागच्या कोपऱ्यात. मग नाक वर जाणार नाही तर काय होणार? 25 लिटर पेट्रोल म्हणजे साधारण 18-19 किलो. लांब नळी लावून टाकी पुढे घ्या, फरक पहिल्याच फेरीत कळेल. पण ती पट्ट्याने घट्ट बांधा. लाटेवर सरकणारी टाकी धोकादायक. बॅटरी पुढे नेणार असाल तर केबल जाड घ्या, नाहीतर स्टार्टर रडतो.

सगळ्यात मोठं वजन मात्र तुमचं स्वतःचं. हँडलला एक्स्टेंशन लावलं की मधल्या बाकावर बसून बोट चालवता येते. किल स्विचची दोरी (ती ओढली गेली की इंजिन बंद पडतं) तिथून पुरते ना, हे आधी तपासा, आणि ती अंगाला अडकवल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. तळातलं पाणीही उपसून टाका. नाक उचललं की ते सगळं मागे धावतं, आणि 20 लिटर पाणी म्हणजे 20 किलो.

आता इंजिनचा कोन. [इंजिनच्या ब्रॅकेटचं जवळून दृश्य] ही भोकं दिसतायत? यातल्या पिनवर इंजिन टेकतं. पिन फळीच्या जवळच्या भोकात घातली की पंखा बोटीच्या खाली सरकतो, मागची बाजू उचलली जाते, नाक खाली येतं. पिन बाहेरच्या भोकात नेली की उलट. इंजिन बंद करून एकेकच भोक बदला. वेगात असताना पंख्याच्या वरची आडवी पट्टी पाण्याला साधारण समांतर हवी. नाक फार खाली गेलं तर ते पाण्यात रुततं, सुकाणू जड होतं आणि वळताना बोट अचानक फिरू शकते. फार वर गेलं तर बोट डुचमळत उड्या मारते. वळणावर इंजिनचा आवाज एकदम चढला, तर पंखा हवा ओढतोय असं समजा.

एका बाजूला कलते? मागून पाहिल्यावर घड्याळाच्या दिशेने फिरणारा पंखा बोटीला डावीकडे झुकवतो. अशा वेळी थोडं सामान उजवीकडे घ्या, बास.

चाचणी शांत पाण्यात, मोकळ्या जागी करा. थ्रॉटल तेवढाच ठेवून जीपीएसवर वेग बघा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदललात तर कशाने फरक पडला ते कळणारच नाही. एकट्याने झाल्यावर दोन माणसं पुढे बसवून पुन्हा फेरी मारा, कारण तेव्हा पिनचं भोक बहुतेक बदलावं लागेल. एवढं करूनही नाक खाली येत नसेल, तर मग ट्रिम टॅबचा खर्च जरूर करा.