पूर्वेस वडाचे झाड

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘रस्ता सुरक्षा : पोलीस ठाणे आणि समित्या’. त्याकडे मी येणारच आहे. आधी एक वाक्य ऐका. तालुक्याच्या कोर्टात ३१ वर्षं मी मोटार अपघाताचे दावे चालवले, आणि जवळजवळ प्रत्येक फिर्यादीत हे वाक्य वाचलं : ‘रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने वाहन चालवून...’ पूर्वी त्याखाली कलम ३०४-अ यायचं, जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं १०६ येतं. कलम बदललं, वाक्य तेच राहिलं. चालकानं रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष केलं असं आपण लिहितो. ती परिस्थिती होती कशी, हे मात्र कुणीच लिहीत नाही. मला आज हेच सांगायचंय.

एका रात्री माझ्यासमोर तीन दाव्यांचे कागद होते. एकात दूधवाला गेलेला, दुसऱ्यात कॉलेजची मुलगी, तिसऱ्यात नवरा-बायको दोघं. तीन वर्षांतले तीन वेगळे अपघात, तीन वेगळ्या हवालदारांनी केलेले पंचनामे. चतुःसीमा वाचत होतो. पहिल्यात ‘पूर्वेस वडाचे झाड’. दुसऱ्यात ‘पूर्वेस वडाचे झाड, त्यालगत एस.टी. थांबा’. तिसरा उघडला, तिथंही तेच. अंगावर काटा आला. सकाळी स्कूटर काढून थेट त्या फाट्यावर गेलो. गावाकडचा रस्ता उतारानं खाली येतो आणि वडाच्या मागून एकदम हमरस्त्याला मिळतो. थांब्याच्या शेडमुळे हमरस्त्यावरून येणारी गाडी दिसते ती अगदी पंधरा पावलांवर आल्यावर. दिवा नाही, फलक नाही. तिथं तासभर उभा राहिलो. चहाच्या टपरीवाली बाई म्हणाली, “दादा, हितं ब्रेकचा आवाज आला की आम्ही आधी पाण्याचा तांब्या उचलतो.”

ती बाई हे सगळं जाणून होती. तिन्ही हवालदारांनी ते झाड डोळ्यांनी पाहिलं, हातानं लिहिलं. पण तीन कागद एकत्र ठेवून बघणं हे कुणाचंच काम नव्हतं.

पुढं त्या ठाण्यात एक हवालदार आले. त्यांनी हद्दीचा नकाशा भिंतीवर लावला आणि बायकोच्या टिकल्यांचं पाकीट आणून जिथं माणूस गेला तिथं लाल टिकली लावायला सुरुवात केली. जुने गुन्हेही काढले. वर्षभरात वडाच्या फाट्यावर टिकलीवर टिकली बसायला लागली. त्या नकाशाचा फोटो घेऊन आम्ही बांधकाम खात्यात गेलो. तिथं मिळालेलं उत्तर : “हे आमच्याकडं अधिकृतरीत्या आलेलं नाही.” दोन वर्षांनी हवालदारांची बदली झाली, ठाण्याला रंग दिला, नकाशा खाली उतरला तो पुन्हा लागलाच नाही. एका माणसाच्या कळकळीवर चाललेलं काम त्याच्याबरोबरच गेलं, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. मूळ विषय भराभर सांगतो.

आज त्या टिकल्या सरकारच्या संगणकात आहेत. २०२१ पासून ‘आयरॅड’ प्रणालीत पोलीस घटनास्थळावरूनच मोबाइलवर अपघाताची नोंद करतात. पहिल्या काही राज्यांत आपलं राज्य होतं. व्याख्याही ठरलेली आहे : ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू, म्हणजे अपघातप्रवण स्थळ. माझी तक्रार इतकीच, की ही यादी करण्यासाठी दहा माणसं जाण्याची वाट का बघायची? टपरीवाल्या बाईला दुसऱ्याच अपघातात कळलं होतं.

कायदाही आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १९८-अ आलं. रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्यामुळे माणूस मेला वा अपंग झाला, तर ठेकेदार, सल्लागार, संबंधित खातं, सगळ्यांना एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण पंचनाम्यात रस्ताच नसेल, तर हे कलम लावायचं कशाच्या आधारावर?

आणि हे जमतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये दीडशे माणसं गेली होती. तिथं महामार्ग पोलीस, रस्ते विकास महामंडळ आणि एका सामाजिक संस्थेनं मिळून अपघातांची कारणं शोधली, धोक्याच्या जागी कठडे बसवले, वेगावर नजर ठेवली. पुढच्या वर्षांत मृत्यू बरेच खाली आले.

जिल्ह्यात रस्ता सुरक्षा समिती असते. जिल्हाधिकारी अध्यक्ष, पोलीस, बांधकाम, परिवहन, सगळे एका टेबलाशी. तिच्या बैठकीचं इतिवृत्त मागा, माहितीच्या अधिकारात मागा. प्रत्येक ठाण्यानं दर महिन्याला आपल्या हद्दीतली जागावार यादी तिथं ठेवावी, आणि मागच्या महिन्यातल्या कुठल्या जागेवर काय केलं ते फलकावर लावावं, एवढीच मागणी.

अर्जाचा मसुदा दाराशी टेबलावर ठेवलाय. वडाच्या फाट्याचा अर्ज मी सोमवारी देणार आहे : थांबा शंभर पावलं पुढं, एक दिवा, उतारावर गतिरोधक. झाडाला हात लावायचा नाही. ज्यांना यायचंय त्यांनी साडेदहाला ठाण्याच्या फाटकाशी या. टपरीवाल्या मावशीही येणार आहेत.