भिंतीवर ठेवलेला तुकडा

(दृश्य: चष्म्याची काच. मग नखाएवढा पारदर्शक तुकडा.)

चष्म्यासाठी हलकी काच घेतली, तर ती बऱ्याचदा सीआर-३९ नावाच्या प्लास्टिकची असते. हा तुकडाही त्याचाच. याला ना वायर, ना बॅटरी.

(दृश्य: जुन्या कारखान्याची हवाई छायाचित्रं.)

अमेरिकेतलं ओक रिज. दुसऱ्या महायुद्धात इथे युरेनियम समृद्ध करण्यासाठी के-२५ ही मैलभर लांबीची इमारत बांधली गेली. अशा ठिकाणचं काम थांबतं, तेव्हा एक प्रश्न मागे उरतो: युरेनियम नेमकं कुठल्या फरशीला, कुठल्या भिंतीला चिकटलंय?

युरेनियममधून निघणारा अल्फा कण हवेत जेमतेम तीन सेंटिमीटर जातो. साधा कागदही त्याला अडवतो, आपली कातडीसुद्धा. पण तेच युरेनियम धुळीबरोबर फुफ्फुसात गेलं, की कणाची सगळी ऊर्जा आसपासच्या मोजक्या पेशींना सोसावी लागते. म्हणून डाग कितीही फिका असला, तरी तो शोधावाच लागतो. अल्फा कण मोजणारं हातातलं यंत्र भिंतीला जवळजवळ टेकवून, अगदी सावकाश फिरवायचं, तेही मैलभर!

१९९० च्या दशकात ओक रिजच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी हे काम अशा तुकड्यांवर सोपवून पाहिलं. तुकडा पृष्ठभागाजवळ ठेवायचा आणि निघून जायचं.

(दृश्य: गरम द्रावणात बुडवलेला तुकडा.)

आदळणारा प्रत्येक अल्फा कण प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तोडत आत शिरतो. ही जखम डोळ्यांना दिसत नाही. सत्तर अंशांच्या आसपास तापलेल्या कॉस्टिक सोड्यात तुकडा काही तास ठेवला, की जखमेची जागा भोवतालापेक्षा लवकर झिजते आणि तिथे खळगा पडतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहा: वळवाचे पहिले थेंब धुळीत पडावेत, तसे हे खळगे. एकेक खळगा म्हणजे एकेक कण. किरणोत्साराचे दुसरे दोन प्रकार, बीटा आणि गॅमा किरण, यावर असा खळगा पाडत नाहीत. मला या तुकड्याचं सर्वांत जास्त अप्रूप वाटतं ते याचंच.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही याच तत्त्वावर चालणारी एलआर-११५ ही लाल फिल्म घरांतला रेडॉन, म्हणजे अल्फा कण सोडणारा वायू, मोजायला वापरली गेली आहे.

रंगाच्या थराखाली दडलेलं युरेनियम मात्र या तुकड्याला सापडत नाही. आणि हवेतला रेडॉनसुद्धा खळगे पाडतो. म्हणून दुसरा तुकडा स्वच्छ पृष्ठभागावर तितकाच वेळ ठेवतात. दोन्हींवरचे खळगे मोजायचे, पहिल्यातून दुसरे वजा करायचे. उरतील ते भिंतीचे.