मादेरोनं पिस्तूल परत दिलं

हा माणूस टोपणनाव लावायचा भीम. हो हो, आपल्या महाभारतातलाच. फ्रान्सिस्को मादेरो, १९११ ते १९१३ मधला मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष, कोआविला राज्यातल्या गडगंज घराण्यातला, शाकाहारी, आत्म्यांशी संवाद होतो असं मानणारा, गीतेवर लिहिणारा. नाव भीमाचं, वागणं मात्र द्यूताला बसलेल्या धर्मराजाचं.

१९११ मध्ये पोर्फिरिओ दियाझची जुनी हुकूमशाही ह्यानेच घालवली, तीही शेतकरी-गुराख्यांच्या बंदुकांच्या जोरावर. आणि जिंकल्यावर काय केलं तर त्याच लोकांना म्हणाला शस्त्रं ठेवा, घरी जा, आणि दियाझचं सैन्य, दियाझचे जनरल जसेच्या तसे ठेवले. का, तर आता कायद्याचं राज्य आलंय म्हणे! मोरेलोस राज्यात हा स्वतः शेतकऱ्यांचा पुढारी झापाटाशी बोलणी करत होता तेव्हा त्याच जुन्या सैन्यातला जनरल उएर्ता फौज घेऊन तिकडे चालून गेला, तेव्हाच ओळखायला हवं होतं ना. पण नाही.

दियाझचा पुतण्या फेलिक्स, त्यानं १९१२ मध्ये बंड केलं, मृत्युदंड झाला, तोही अमलात आला नाही, तुरुंगात ठेवला. ९ फेब्रुवारी १९१३ ला साथीदारांनी त्याला बाहेर काढलं आणि राजधानीत लढाई पेटली. राजवाडा वाचवणारा जनरल जखमी झाला, मग सगळी सूत्रं कुणाकडे दिली? उएर्ताकडे! तो मादेरोच्या निष्ठावान तुकड्या बंडवाल्यांच्या मशीनगनसमोर उघड्यावर पाठवत राहिला, आणि अमेरिकन राजदूत हेन्री लेन विल्सन पडद्यामागून बंडवाल्यांच्याच बाजूने.

मादेरोचा भाऊ गुस्ताव्हो मात्र खमक्या. १७ तारखेच्या रात्री त्यानं उएर्तालाच धरला, बंदूक रोखून भावापुढे उभा केला. मादेरोनं काय करावं? उएर्ताला पिस्तूल परत दिलं, निष्ठा सिद्ध करायला २४ तास दिले, वर भावालाच झापलं. ह्याला चांगुलपणा म्हणायचं असेल तर म्हणा, मी नाही म्हणणार, कारण किंमत आधी दुसऱ्यांनी मोजली.

दुसऱ्याच दिवशी उएर्तानं गुस्ताव्होला हॉटेलात जेवायला नेऊन पकडलं, मग हाल करून मारलं. मादेरोही अटकेत, क्युबाला सुखरूप जाऊ देतो ह्या शब्दावर राजीनामा दिला, म्हणजे परत विश्वासच! २२ तारखेच्या रात्री तुरुंगाजवळ त्याला आणि उपराष्ट्राध्यक्ष पिनो सुआरेझला गोळ्या घातल्या, आणि आता सत्तेवर बसलेल्या उएर्ताचं सरकार म्हणालं सोडवायला आलेल्यांशी चकमक झाली.

दियाझचं ते सैन्य अखेर ऑगस्ट १९१४ मध्ये बरखास्त झालं, झापाटा, व्हिया, कारान्सा वगैरे क्रांतिकारी पुढाऱ्यांनी परत बंदुका उचलून उएर्ताला पळवून लावल्यावर.