रॉकेलविना ऊब: उंच पहाडातले फिरते निवारे

नमस्कार श्रोतेहो.

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा चार-पाच अंशांवर घसरला की आपले द्राक्षबागायतदार रात्ररात्र जागतात, पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. ती थंडी ज्यांनी सोसली आहे त्यांना आजच्या विषयाचं मोल वेगळं सांगायला नको. लडाखच्या उंच भागात हाच पारा शून्याखाली वीस-तीस अंशांवर जातो. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांमधली मुलं सैन्यात आहेत, त्यातली काही तिथल्या चौक्यांवर हिवाळा काढतात. ती ज्या निवाऱ्यात झोपतात, तो कसा असावा, याबद्दल मला आज बोलायचं आहे.

तंबू म्हटला की आपण आधी विचारतो, कापड किती जाड, आत ऊब किती? मी वास्तुरचना शिकवते, आणि माझा पहिला प्रश्न वजनाचा असतो. फक्त तंबूच्या वजनाचा नाही, त्याच्यामागून हिवाळाभर वर चढवाव्या लागणाऱ्या रॉकेलचाही.

साधा हिशेब करू. समजा, एका तंबूतल्या बुखारीला, म्हणजे ऊब देणाऱ्या रॉकेलच्या शेगडीला, दिवसाला ५ लिटर रॉकेल लागलं. सहा महिन्यांचे झाले ९०० लिटर. लिटरभर रॉकेल साधारण ८०० ग्रॅम भरतं, म्हणजे ७२० किलो ओझं, आणि तेही एकाच तंबूसाठी, दर हिवाळ्याला. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. तिथे रिकाम्या हातानं चालतानाही धाप लागते. विरळ हवेत हेलिकॉप्टरसुद्धा कमी वजन उचलतं. मग शेवटचा टप्पा उरतो तो खेचराच्या नाहीतर माणसाच्या पाठीवर.

बुखारीचा धोका वेगळाच. बंद जागेत ज्वलन अपुरं झालं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. धुरातली काजळी बर्फावर बसली की बर्फ ऊन जास्त शोषतो आणि लवकर वितळतो. हिमनद्यांच्या उशाशी आपण हे करतो आहोत.

म्हणून २०२१च्या फेब्रुवारीत लडाखचे अभियंते सोनम वांगचुक यांनी जवानांसाठी जो सौरतंबू दाखवला, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. दहाएक जवान झोपतील एवढा, आणि सुटे केलेले सगळे भाग प्रत्येकी ३० किलोच्या आत, म्हणजे माणसाला उचलता येतील असे. त्यांनी दिलेल्या नोंदीप्रमाणे रात्री १० वाजता आत १५ अंश तापमान होतं. बाहेर आदल्या रात्री पारा उणे १४ पर्यंत उतरला होता. रॉकेलचा थेंबही नाही. मघाच्या हिशेबातलं ७२० किलो रॉकेल म्हणजे असे ३० किलोचे २४ भाग. ते भाग एकदाच न्यायचे, रॉकेल मात्र दरवर्षी!

यातलं तत्त्व पॉलीहाऊसमध्ये जानेवारीच्या दुपारी पाऊल टाकलेल्या कुणालाही पटेल. तंबूची दक्षिणेकडची खोली पारदर्शक, ऊन आत घेणारी. झोपायची खोली तिच्या मागे, उष्णतारोधक थरांनी वेढलेली. डिसेंबरअखेर लडाखात भर दुपारीही सूर्य क्षितिजावर जेमतेम ३२ अंश चढतो, नाशिकला तो ४६ अंशांच्या आसपास असतो. तिथलं हे तिरपं ऊन उभ्या पारदर्शक भिंतीतून खोलवर आत शिरतं. दिवसा साठवलेली उष्णता रात्री हळूहळू झोपायच्या खोलीत सोडायची, एवढंच. लडाखात हवा थंड असली तरी कोरडी आहे आणि ऊन भरपूर, म्हणून हे जमतं. सलग आठवडाभर हिमवृष्टी होणाऱ्या जागी फक्त यावर विसंबता येणार नाही, तिथे जोडीला दुसरी सोय हवीच.

आता ओलीबद्दल बोलते, कारण आराखडे काढताना नेमकं तेच सुटतं. भंडारदऱ्याला तंबूत रात्र काढली असेल, तर सकाळी आतल्या कापडाला हात लावून आठवून बघा. पाऊस नसतानाही कापड ओलं लागतं. ते आपल्याच श्वासातलं पाणी. दहा माणसांच्या श्वासातून आणि त्वचेतून एका रात्रीत सुमारे ३ लिटर पाणी हवेत जातं. उणे वीसमध्ये ते कापडावर आतून गोठतं आणि सकाळी ऊन लागलं की अंथरुणावर ठिबकतं. त्याहून वाईट म्हणजे ते उष्णतारोधक थरात मुरतं, आणि भिजलेला थर ऊब धरत नाही. म्हणून बाष्प अडवणारा पडदा उबदार बाजूला, म्हणजे आतून हवा. वर एक झरोका आणि खाली हवा यायला वाट हवी. थंडीनं गारठलेला माणूस दिसेल ते भोक बोळा घालून बुजवतो, आणि त्याला दोष देता येत नाही. झरोका असा करावा की तो पूर्ण बंदच होणार नाही.

लडाखमधल्या चांगथांग पठारावरचे चांगपा पशुपालक हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. याकच्या केसांच्या पट्ट्या विणून ते ‘रेबो’ नावाचा तंबू करतात. विणीतून आणि माथ्यावरच्या फटीतून धूर नि ओल बाहेर जाते. केस भिजले की फुगतात आणि वीण घट्ट होते. झिजलेली पट्टी काढून तिथे नवी शिवायची. आपल्या फोमच्या पॅनेलला तडा गेला तर डोंगरावर त्याचं काय करणार? ते तिथेच पडून राहतं, वर्षानुवर्षं.

नाशिकमध्ये अभियांत्रिकीची आणि वास्तुशास्त्राची इतकी महाविद्यालयं आहेत. त्यातल्या विद्यार्थ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रकल्पासाठी असा निवारा करा. पहिली चाचणी आषाढात त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरात घ्या. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे तिथे कागदाबाहेर कळेल. जाड हातमोजे घालून, अंधारात, दोघांनी तो उभा करून बघा. बारीक खिळी हातातून निसटली तर खिळी मोठी करा. लडाखच्या थंडीत हातमोजा काढून धातूला ओलं बोट लावलं तर ते चिकटून बसतं, तेव्हा तिथल्या जवानाला हातमोजा काढावाच लागणार नाही असा सांधा बनवा. आणि आराखड्याच्या पहिल्याच पानावर दोन वजनं लिहा: निवाऱ्याचं, आणि त्याला हिवाळाभर लागणाऱ्या इंधनाचं.