एकच इंजेक्शन, दोन न्याय

सहा वर्षांच्या मुलीत वयात येण्याची लक्षणं दिसू लागली, तर डॉक्टर तिला एक इंजेक्शन सुरू करतात. मेंदूकडून बीजकोशांना जाणारा इशारा त्याने थांबतो आणि वयात येणं पुढे ढकललं जातं. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात याला कायद्याची आडकाठी नाही. तेच इंजेक्शन ट्रान्सजेंडर किशोराला लिंगबदलाच्या उपचारासाठी दिलं, तर मात्र डॉक्टरवर कारवाई होते.

टेनेसीचा कायदा २०२३चा. पायंडा पाडला अर्कान्सॉने, २०२१मध्ये. तिथले तेव्हाचे गव्हर्नर एसा हचिन्सन रिपब्लिकन पक्षाचे. डॉक्टर आणि पालक यांच्यामध्ये सरकारने पडू नये, असं म्हणत त्यांनी विधेयकावर नकाराधिकार वापरला. त्यांच्याच पक्षाचं बहुमत असलेल्या विधिमंडळाने दुसऱ्याच दिवशी तो मोडीत काढला. पुढे वीसहून अधिक राज्यं त्याच वाटेने गेली.

बंदीवाल्यांचे सगळेच मुद्दे हवेतले नाहीत. हाडांची घनता, पुढे मूल होण्याची क्षमता, कोवळ्या वयात घेतलेला निर्णय: ही काळजी खरी आहे. ब्रिटनमध्ये डॉ. हिलरी कॅस यांच्या समितीने एप्रिल २०२४मध्ये सांगितलं, की या उपचारांमागचा पुरावा तोकडा आहे. स्वीडन आणि फिनलंडनेही हात आखडता घेतला. पण निवडक रुग्णांसाठी दार उघडं ठेवलं. उलट बाजूला अमेरिकेतल्या दोन संघटना आहेत, एक बालरोगतज्ज्ञांची आणि एक संप्रेरकतज्ज्ञांची. दोघींचाही सरसकट बंदीला विरोध आहे.

पुरावा कमी आहे, हे एक विधान. म्हणून कुणालाच औषध द्यायचं नाही, हे दुसरं. प्रचारसभेत ही दोन्ही एका दमात उच्चारली जातात. (तिथे सर्वाधिक गाजतात त्या शस्त्रक्रिया; अठराच्या आत त्या क्वचितच होतात.)

१८ जून २०२५. सर्वोच्च न्यायालय टेनेसीचा कायदा ६ विरुद्ध ३ मतांनी वैध ठरवतं. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्या मते हा कायदा लिंगावरून भेद करत नाही. वय आणि उपचाराचा हेतू एवढंच बघतो. विज्ञानातला वाद लोकप्रतिनिधींनी सोडवावा. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायॉर यांना हे अजिबात पटत नाही. मुलाचं जन्मलिंग विचारल्याशिवाय हा कायदा लागूच करता येत नाही, मग भेद लिंगावरून नाही तर कशावरून? न्यायालयाने या मुलांना राजकारणाच्या लहरीवर सोडलं, असं त्या नोंदवतात.

ज्यांना परवडतं, ती कुटुंबं उपचारांसाठी दुसऱ्या राज्यात जातात. पण तिथेही भरवसा उरलेला नाही. कॅलिफोर्नियात बंदी नाही. उलट बाहेरून येणाऱ्या अशा कुटुंबांना संरक्षण देणारा कायदा आहे. तरीही लॉस एंजेलिसच्या बालरुग्णालयाने जुलै २०२५मध्ये आपलं ट्रान्स युवा केंद्र बंद केलं. हे उपचार चालू ठेवले म्हणून अमेरिकेच्या केंद्र सरकारचा निधी गेला असता, तर अख्खं रुग्णालयच अडचणीत येणार होतं.