सनदेच्या अलीकडे

(दृश्य : नागपूर, सिव्हिल लाइन्स. जिल्हा न्यायालयाचं आवार. सकाळचे साडेदहा.)

कोर्टाच्या आवारात वकील ओळखायला चेहरा बघावा लागत नाही. काळा कोट, गळ्यात पांढरे बँड, काखेत फाइल. या गर्दीत एक मुलगी आहे. पांढरा शर्ट, काळी पँट, हातात चार फाइली आणि तिच्या सिनिअर वकिलांची डायरी. कोट तेवढा नाही. उन्हाळ्यात खालच्या कोर्टांत कोटाची सक्ती नसते, तेव्हा ती या गर्दीत मिसळून जाते. पावसाळा लागतो, कोट पुन्हा अंगावर चढतात आणि ती वेगळी दिसू लागते.

एलएलबी होऊन तिला दीड वर्ष झालं. डिग्री घरी भिंतीवर फ्रेममध्ये आहे. सनद, म्हणजे वकिली करायचा परवाना, मिळालेली नाही.

तिचं नाव आपण घेणार नाही. कॉलेजचंही नाही. विदर्भातलं एक कॉलेज, एवढं पुरे.

(दृश्य : घर. भिंतीवरची डिग्री. स्वयंपाकघरातून कुकरच्या शिट्टीचा आवाज.)

घरच्यांना हे समजावणं हाच एक खटला आहे. दिवाळीला आलेला मामा विचारतो, "वकील झाली म्हणते, मग कोर्टात उभी काहून नाही राहत?" त्याचं चुकत नाही. डिग्री म्हणजे वकिली, असंच आपण सगळे धरून चालतो. पण डिग्री देतं विद्यापीठ, आणि सनद देते बार कौन्सिल, वकिलांची नोंदणी करणारी संस्था. हे दोन वेगळे दरवाजे आहेत आणि दुसऱ्याची किल्ली पहिल्याकडे नसते.

पूर्वी असं नव्हतं. ज्या नागपुरात पुढे सरन्यायाधीश झालेले मोहम्मद हिदायतुल्ला लॉ कॉलेजात शिकवत होते, जिथून पी. व्ही. नरसिंह राव कायद्याची पदवी घेऊन गेले, त्या नागपुरात वकिलांची यादी हायकोर्टच ठेवायचं. १९६१ साली अधिवक्ता अधिनियम आला आणि ते काम राज्याच्या बार कौन्सिलकडे गेलं. त्यांच्या वर बार कौन्सिल ऑफ इंडिया. त्या कायद्याचं कलम २४ सांगतं सनद कोणाला मिळेल : भारताचा नागरिक, वय एकवीस पूर्ण, आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेल्या विद्यापीठाची कायद्याची पदवी.

मान्य केलेल्या विद्यापीठाची. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

(दृश्य : एका बंद गेटवरचा रंग उडालेला फलक. अक्षरं वाचता येत नाहीत.)

लॉ कॉलेज चालवायला तीन शिक्के लागतात. सरकारची परवानगी, विद्यापीठाची संलग्नता आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता. पहिले दोन आपल्या राज्यात मिळतात. तिसरा दिल्लीहून येतो. त्यासाठी तपासणी समिती येते. ग्रंथालय, शिक्षक, वर्गखोल्या, मूट कोर्टाची, म्हणजे सरावाच्या कोर्टाची, खोली बघते. मान्यता मिळते ती ठरावीक वर्षांसाठी. मुदत संपली की पुन्हा फी, पुन्हा तपासणी.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. ही तपासणी हवीच. दोन खोल्यांत, एकाच कपाटातल्या पुस्तकांवर कायदा शिकवणारी दुकानं कोणाला नको आहेत, तर सगळ्यांत आधी ती या मुलांनाच नको आहेत. तक्रार तपासणीची नाही. तक्रार अशी, की मुदत कॉलेजची संपते आणि वर्षं मुलांची जातात.

तिच्या बाबतीत हेच झालं. तिनं प्रवेश घेतला तेव्हा मान्यता होती. दुसऱ्या वर्षात मुदत संपली. कॉलेजनं अर्ज केला म्हणे. विद्यापीठाची संलग्नता चालूच होती, त्यामुळे परीक्षा झाल्या, निकाल लागले, डिग्रीही मिळाली. फलक जिथल्या तिथं होता, त्यावरचं "मान्यताप्राप्त" सुद्धा. कुठून कुठपर्यंत मान्यताप्राप्त, हे कोणताच फलक सांगत नाही.

(दृश्य : विदर्भ एक्सप्रेस, रात्र. खिडकीत तिचं प्रतिबिंब. मग सकाळची मुंबई, फोर्ट.)

महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलचं कार्यालय मुंबईत, हायकोर्टाच्या एक्स्टेंशन इमारतीत. नागपूरपासून आठशेहून अधिक किलोमीटर. ती आणि तिचे वडील रात्रभर बसून गेले. सोबत गुणपत्रिका, टीसी, शपथपत्रं, फोटो, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. फी आता तितकी डोईजड राहिलेली नाही. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की कायद्यात लिहिलीय त्याहून जास्त नोंदणी फी घेता येणार नाही : राज्याच्या बार कौन्सिलला ६०० रुपये, बार कौन्सिल ऑफ इंडियाला १५०. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना १०० आणि २५. चांगला निकाल. पण तिचं काम पैशाला अडलेलंच नव्हतं.

"या वर्षांचं मान्यतेचं पत्र?" एवढाच प्रश्न आला. पत्र नव्हतं.

परत आल्यावर कॉलेजात गेली. "फाइल दिल्लीला आहे," असं उत्तर मिळालं. पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात उत्तर देणारे बाबू बदलले होते, उत्तर तेच. फाइल नावाची वस्तू इतका प्रवास करते की तिच्या नावाचा पास काढायला हवा.

(दृश्य : चेंबर. टेबलावर कायद्याची पुस्तकं, तर्री पोह्यांच्या रिकाम्या प्लेटा.)

तिचे सिनिअर फौजदारी बाजूचे. त्यांनी मुद्दा काढला. कलम २४ विद्यापीठ म्हणतं, कॉलेज म्हणत नाही. आपलं विद्यापीठ तर मान्यताप्राप्त आहे, मग अडवता कसं? मुद्दा बिनबुडाचा नव्हता. ओडिशातल्या एका विद्यार्थ्याचा असाच वाद तिथल्या हायकोर्टात टिकला होता. त्याला आधार होता १९९९ च्या एका निकालाचा. कलम २४ मध्ये नसलेली अट बार कौन्सिलला नियम करून घालता येत नाही, असं त्यात म्हटलं होतं. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो १९९९ चा निकालच मोडीत काढला. घटनापीठापुढचा विषय होता वकिलांच्या अखिल भारतीय परीक्षेचा. पाया गेला, भिंत गेली. त्याच वर्षी ओडिशाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं आणि ठरलं, की पदवी मान्यताप्राप्त कॉलेजातूनच घेतलेली हवी ही अट बार कौन्सिल घालू शकते.

ते निकालपत्र तिनंच शोधून सिनिअरच्या टेबलावर ठेवलं. स्वतःच्या विरुद्ध जाणारा निकाल स्वतः शोधायचा, त्याला पिवळा मार्कर लावायचा. वकिलीचं शिक्षण तिचं पूर्ण झालेलं आहे, यात मला तरी शंका वाटत नाही.

एक फट उरली होती. ओडिशातल्या कॉलेजला मान्यताच नव्हती. हिच्या कॉलेजची होती, मध्येच खंडित झाली. मान्यता मागच्या तारखेपासून मिळाली, तर रस्ता मोकळा होतो. पण ते पत्र मागायला तिला थेट जाता येत नाही, कॉलेजनं मागायचं असतं.

दरम्यान घड्याळ थांबत नाही. २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. ती वर्षं मोजायची तात्पुरत्या, म्हणजे अखिल भारतीय परीक्षेआधीच्या, नोंदणीच्या तारखेपासून. तिची ती तारीखच उगवलेली नाही. चेंबरमध्ये दीड वर्ष ती ड्राफ्टिंग करते, केस लॉ म्हणजे जुने निकाल काढते, पक्षकारांशी बोलते. हिशेबात शून्य. आणि उत्साहाच्या भरात एखाद्या दिवशी वकील म्हणून उभी राहिली, तर कलम ४५ आहेच : सहा महिन्यांपर्यंत कैद.

ऑगस्ट २०२५ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने नव्या लॉ कॉलेजांना तीन वर्षं बंदी घातली. बरं केलं. जुन्यांच्या अडकलेल्या फाइलींना त्याचा काही उपयोग नाही.

(दृश्य : हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ. दगडी इमारत, घुमट. पायऱ्यांवर ती.)

शेवटी रिट याचिका. प्रतिवादी : कॉलेज, विद्यापीठ, दोन्ही बार कौन्सिल. मसुदा तिनंच लिहिला, सिनिअरनं दोन परिच्छेद उडवले. मग वकीलपत्र आलं. असली वकीलपत्रं तिनं दीड वर्षात कितीतरी भरलीत, पक्षकाराला बोटानं जागा दाखवायची, "इथं सही करा काका." या वेळी खालची, वकिलाच्या सहीची जागा सिनिअरनं भरली. वरची, पक्षकाराची, तिची होती. पेन दोनदा चुकीच्या जागी गेलं, असं ती हसत सांगते. कॅमेरा बंद झाल्यावर हसली नाही.

सुनावणी दोन मिनिटांत आटोपली. प्रतिवादींना नोटीस. चार आठवड्यांनी पुढची तारीख.

(दृश्य : बाहेर, झाडाखाली. ती डायरी उघडते.)

सिनिअरची डायरी तीच सांभाळते. तारखेचं पान काढते, त्या दिवशी आधीच तीन प्रकरणं आहेत. खाली चौथ्या ओळीत ती याचिकेचा नंबर लिहिते. पक्षकाराच्या रकान्यात क्षणभर थांबते, आणि मग इतर सगळ्यांचं लिहिते तसं फक्त आडनाव लिहिते.